चौकट पुन्हा सरकली: क्लाउड इमेज रेकग्निशन आणि उभ्या फोटोंचा घोळ

फोटो क्लाउडवरच्या सेवेला पाठवला की ती त्यातल्या वस्तूचं नाव, म्हणजे लेबल, आणि तिच्याभोवतीची चौकट सांगते. ती चुकल्याची तक्रार दर वेळी नवा वेश घालून येते. "मॉडेल मधूनच चुकतंय." "परवापर्यंत नीट चालत होतं." "लॅपटॉपवरून टाकला तर चेहरा सापडतो, फोनवरून टाकला की नाही." आणि माझी सगळ्यात आवडती: "लेबल अगदी बरोबर सांगतंय, फक्त चौकट शेजारच्या भिंतीवर काढतंय."

मग मॉडेल बदलायचं का, थ्रेशोल्ड (किती खात्री असली की उत्तर मानायचं ती रेघ) खाली आणायचा का, दुसऱ्या कंपनीची सेवा घेऊन बघायची का, अशी चर्चा सुरू होते. ती रंगात यायच्या आत मी एकच गोष्ट विचारतो. फोटो उभा होता की आडवा? बहुतेक वेळा समोरचा जरा थांबतो, फाइल उघडून बघतो आणि म्हणतो, "उभा." पुढचं सगळं या एका शब्दाचं आहे. आमच्याच टीमने हा बग तीन वेळा बंद केला आणि तीनदा तो नव्या दारातून आत आला, त्यामुळे आता तो मला पावलांच्या आवाजावरून ओळखू येतो.

फाइलमध्ये खरं काय असतं

फोनचा सेन्सर एका दिशेने पक्का बसवलेला असतो. फोन उभा धरला म्हणून तो फिरत नाही. तो त्याच्या ओळी नेहमीच्या क्रमाने वाचतो आणि फाइलमध्ये चित्र आडवं निजलेलं लिहिलं जातं. सोबत एक्झिफ नावाच्या माहितीच्या कप्प्यात ओरिएंटेशनचा टॅग ठेवला जातो. त्याचा क्रमांक २७४, किंमत १ ते ८. १ म्हणजे आहे तसं दाखवा. ३ म्हणजे उलटं करून दाखवा. ६ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरवून, ८ म्हणजे उलट दिशेने ९० अंश. उरलेल्या २, ४, ५ आणि ७ या आरशातल्या प्रतिमेच्या. त्या क्वचित भेटतात, पण भेटतात.

म्हणजे फोटो सरळ दिसतो तो फाइल सरळ आहे म्हणून नव्हे. उघडणाऱ्या प्रोग्रॅमने टॅग वाचून तो फिरवला म्हणून. आणि टॅग वाचायचा की नाही, हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं ठरवतो. पायथनमधली पिलो लायब्ररी फाइल उघडते तेव्हा टॅगकडे बघत नाही. पिक्सेल जसे आहेत तसे हातात देते. ओपनसीव्ही या चित्रांच्या दुसऱ्या लायब्ररीतलं आयएमरीड हे फंक्शन मात्र टॅग वाचून फिरवून देतं, पण त्यालाच 'अनचेंज्ड' हा पर्याय दिला की फिरवत नाही. अँड्रॉइडमध्ये चित्र उघडणारं बिटमॅपफॅक्टरी फिरवत नाही. क्रोमने २०२० साली ८१व्या आवृत्तीपासून वेब पानावरचे फोटो टॅगप्रमाणे आपोआप सरळ दाखवायला सुरुवात केली. त्याआधी उभा फोटो पानावर आडवा पडायचा, शिव्या बसायच्या, पण निदान कुठेतरी काहीतरी गडबड आहे हे डोळ्यांना दिसायचं. आता ब्राउझर सगळं झाकून टाकतो. डेव्हलपर अपलोड केलेला फोटो बघतो, तो सरळ असतो, आणि संशयाची सुई मॉडेलकडे वळते.

चौकट भिंतीवर कशी जाते, आकड्यांत

१२ मेगापिक्सेलच्या फोनचा नेहमीचा फोटो घ्या: ४०३२ गुणिले ३०२४. फोन उभा धरून काढलेला, टॅग ६. फाइलमध्ये रुंदी ४०३२, उंची ३०२४. माणसाला दिसताना रुंदी ३०२४, उंची ४०३२.

हा फोटो ॲमेझॉन रेकग्निशन या क्लाउड सेवेला पाठवला. ही सेवा जेपेगमधला ओरिएंटेशन टॅग वाचते, चित्र मनातल्या मनात सरळ करते आणि चौकट सरळ केलेल्या चित्राच्या हिशेबाने सांगते. तेही पिक्सेलमध्ये नव्हे, तर ० ते १ मधल्या प्रमाणात. समजा उत्तर आलं: डावीकडून ०.२५, वरून ०.१०, रुंदी ०.२०, उंची ०.३०. बरोबर गुणाकार केला तर चौकट डावीकडून ७५६ आणि वरून ४०३ पिक्सेलवर सुरू होते. ती ६०५ रुंद आणि १२१० उंच, म्हणजे उभट. पण आपल्या सर्व्हरवर पिलोने फाइल उघडून रुंदी विचारली तर ती ४०३२ सांगणार. मग डावीकडून १००८, वरून ३०२, रुंदी ८०६, उंची ९०७. चौकट जवळजवळ चौरस झाली आणि ती काढलीही गेली निजलेल्या चित्रावर. एरर कुठेच नाही. दोन्ही बाजू खरं बोलतायत, फक्त दोघांच्या नजरेसमोर वेगवेगळी चित्रं आहेत.

आडव्या फोटोंना हा त्रास होत नाही, कारण तिथे टॅग बहुतेक १ असतो. डेव्हलपर ज्या नमुन्यांवर चाचणी करतो ते बहुधा इंटरनेटवरून उतरवलेले आडवे फोटो असतात. म्हणून "माझ्याकडे चालतं".

दुसरा वेश: चौकट नाहीच, लेबलच चुकलेलं

हा प्रकार जास्त फसवा. इथे टॅग वाटेत गळून पडतो, पिक्सेल मात्र निजलेलेच राहतात. मग जगात कोणालाच कळायला मार्ग उरत नाही की हे चित्र उभं होतं.

टॅग गाळणारा आरोपी बहुतेक वेळा एकच असतो: फोटो लहान करणारा कोड. पिलोने फाइल उघडली, लहान केली, जेपेग म्हणून सेव्ह केली आणि एक्झिफ मुद्दाम सोबत दिलं नाही, तर नव्या फाइलमध्ये टॅग नसतो. नोडमधली (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधली) शार्प लायब्ररीही आपण सांगितल्याशिवाय मेटाडेटा, म्हणजे एक्झिफसारखी सोबतची माहिती, पुढे नेत नाही. फिरवायला सांगायचं राहिलं तर निकाल तोच. जेपेगचं पीएनजी करणाऱ्या कोडमध्येही हेच होतं.

असं निजलेलं, टॅग नसलेलं चित्र क्लाउडकडे गेलं की काय होतं? कपबशी, खुर्ची, कुत्रा अशी लेबलं कशीबशी तग धरतात, फक्त कॉन्फिडन्स, म्हणजे मॉडेलच्या खात्रीचा आकडा, खाली येतो. चेहरे गळायला लागतात. म्हणून तक्रार येते ती "कधीकधी चुकतं" अशी. थ्रेशोल्ड खाली आणला की तक्रारी थोड्या कमी होतात आणि भलत्याच वस्तू सापडायला लागतात. थ्रेशोल्डला हात लावणं हा या आजारावरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा उपाय आहे.

आमच्याकडे दुसऱ्यांदा हेच झालं होतं. पहिल्यांदा चौकटीचा घोळ मोबाइल ॲपमध्ये निस्तरला. काही महिन्यांनी अपलोड जड होतात म्हणून मधे फोटो लहान करणारी एक सेवा बसवली. ती लिहिणाऱ्याला आधीच्या बगचा पत्ता नव्हता, आणि कोड रिव्ह्यू करणारा मी होतो. मला पत्ता होता, तरी दिसलं नाही.

"फक्त काही फोनवरच होतं"

होय, तसंच होतं, आणि त्याला कारण आहे. अँड्रॉइडवर ॲप कॅमेऱ्याला दिशा सांगतं तेव्हा ती टॅगमध्ये लिहायची की पिक्सेलच फिरवून द्यायचे, याची मोकळीक फोन बनवणाऱ्याला आहे. काही फोन ६ लिहून मोकळे होतात, काही चित्र सरळ करून १ लिहितात. दुसऱ्या जातीचा फोन चाचणी करणाऱ्याच्या हातात असेल तर बग त्याला जन्मात दिसणार नाही. "सॅम्पल फोटो चॅटवर पाठव" म्हणालात तरी पुरावा नष्ट होतो, कारण बरीच मेसेजिंग ॲप चित्र नव्याने बनवतात आणि मेटाडेटा काढून टाकतात. मूळ फाइल झिप करूनच मागवा. हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि प्रत्येक वेळी पहिली फाइल चॅटवरूनच येते.

निदान कसं करायचं

लॉग वाचत बसू नका. एपीआयला, म्हणजे क्लाउड सेवेच्या दाराशी, जे बाइट्स शेवटी गेले, नेमके तेच बाइट्स डिस्कवर उतरवा. मूळ फाइल नव्हे, डेटाबेसमधली प्रत नव्हे. कॉल करणाऱ्या ओळीच्या अगदी आधीचे बाइट्स. आता एक्झिफटूल या मेटाडेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांची रुंदी, उंची आणि ओरिएंटेशन बघा, आणि अपलोड झालेल्या मूळ फाइलचंही तेच बघा. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की बहुतेक प्रकरणं तिथेच उलगडतात. मूळ फाइलमध्ये ६ आणि पाठवलेलीतही ६, तर घोळ चौकटीच्या गुणाकारात आहे. मूळ फाइलमध्ये ६, पाठवलेलीत टॅगच नाही आणि रुंदी अजून उंचीपेक्षा जास्त, तर टॅग वाटेत गळला. मूळ फाइलमध्ये ६, पाठवलेलीत उंची जास्त झालेली आणि तरीही ६ शिल्लक, तर चित्र दोनदा फिरणार आहे. हा तिसरा प्रकार आमचा तिसरा बग. कोणीतरी पिक्सेल सरळ केले आणि सज्जनपणे जुनं एक्झिफ जसंच्या तसं चिकटवलं.

फोटो नसेल तर बनवा. टेबलावर कान असलेला एक मग ठेवा, कान उजवीकडे. फोन उभा, उजवीकडे आडवा, उलटा आणि डावीकडे आडवा, असे चार फोटो काढा. माणसाला चारही फोटोंत कान उजवीकडेच दिसायला हवा. मग ते चारही तुमच्या पूर्ण पाइपलाइनमधून, म्हणजे अपलोडपासून एपीआयपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांतून, सोडा आणि शेवटच्या बाइट्समध्ये कान कुठे आहे ते बघा. वस्तू म्हणून मगच मुद्दाम सांगतोय. चेंडूवर ही चाचणी करून "सगळं बरोबर आहे" म्हणणारा एकजण मी पाहिलाय.

दुरुस्ती

१ ते ८ साठी आठ सूत्रं लिहून चौकटीचे कोपरे फिरवत बसण्याचा मोह होतो. मीही एकदा लिहिली होती. ती बरोबरही होती. पण फोटो दाखवणारी जागा एकच नसते: वेब, मोबाइल, पीडीएफ अहवाल, कापलेले तुकडे बनवणारा जॉब. प्रत्येक ठिकाणी ती सूत्रं पोचवावी लागतात आणि एक जागा राहतेच.

त्यापेक्षा फोटो तुमच्या सिस्टीमच्या उंबरठ्यावर आला की लगेच पिक्सेल सरळ करा आणि टॅग काढून टाका. आतमध्ये कुठेही ओरिएंटेशन हा विषयच उरू देऊ नका. पिलोमध्ये यासाठी इमेजऑप्स मॉड्यूलमध्ये एक्झिफ-ट्रान्सपोज हे फंक्शन आहे, २०१९ च्या ६.० आवृत्तीपासून. ते फिरवतं आणि परत येणाऱ्या चित्रातला टॅगही काढतं. शार्पमध्ये रोटेट कोन न देता बोलावलं की तेच काम होतं. क्रम महत्त्वाचा: आधी सरळ करणं, मग लहान करणं, मग सेव्ह. लहान करताना "रुंदी १०२४" असं ठरवलेलं असेल आणि चित्र अजून निजलेलंच असेल, तर उभे आणि आडवे फोटो वेगवेगळ्या मापाचे निघतात. लेबलांना त्याने फरक पडत नाही, पण बारीक मजकूर वाचायचा असेल तर पडतो.

सेव्ह करताना दोन गोष्टी हमखास हरवतात. एक, फोटो काढल्याची तारीख. ती एक्झिफमध्येच असते, म्हणून हवी असेल तर आधी काढून डेटाबेसमध्ये ठेवा. दुसरी, रंगाचं प्रोफाइल. आयफोनचे फोटो बहुतेक डिस्प्ले पी३ या रंगव्याप्तीत असतात. प्रोफाइल गळलं तर तेच आकडे फिक्या रंगांत दिसतात, आणि "अपलोड केल्यावर फोटो उतरलेला वाटतो" अशी वेगळीच तक्रार दाराशी येते. सेव्ह करताना प्रोफाइल सोबत द्या. जीपीएसचा ठावठिकाणाही एक्झिफसोबत जातो. तो गेलेला बरा, नाहीतरी परक्या सर्व्हरवर तो पाठवायचं कारण नसतं.

मूळ फाइल मात्र फेकू नका. ती न उघडता एका बाजूला ठेवा. सरळ करण्याच्या कोडमध्येच चूक निघाली तर पुन्हा सुरुवात करायला तीच लागते. चौकट साठवताना प्रमाणातच साठवा आणि सोबत सरळ केलेल्या चित्राची रुंदी-उंची लिहा. नुसते पिक्सेलचे आकडे साठवले की सहा महिन्यांनी ते कोणत्या मापाच्या चित्राचे होते हे कोणी सांगू शकत नाही.

आधीच बिघडलेल्या नोंदींचं काय? टॅग गळलेला असेल आणि मूळ फाइल नसेल तर खात्रीचा उपाय नाही. चेहरे किंवा मजकूर असलेल्या फोटोंवर चारही दिशांनी कॉल करून ज्या दिशेला उत्तर सगळ्यात भक्कम येतं ती धरता येते. पण मग एका फोटोला चार कॉलचे पैसे. हा हिशेब आधी करा, मग स्क्रिप्ट चालवा.

हे सगळं करूनही चौकट सरकलेली असेल तर

आडव्या फोटोंवरही सरकत असेल तर ओरिएंटेशन निर्दोष आहे. ब्राउझरमध्ये चित्राला ऑब्जेक्ट-फिट कंटेन (चित्र न कापता डब्यात मावेल असं बसवणारी सीएसएसची सूचना) लावलंय का बघा. तसं असेल तर चित्राच्या कडेला रिकाम्या पट्ट्या राहतात आणि तुम्ही प्रमाणाला गुणता ते पट्ट्यांसकटच्या डब्याच्या रुंदीने. चित्राच्या मधोमध चौकट जवळजवळ बरोबर असते आणि कडेकडे जावं तशी ती पट्ट्यांच्या दिशेने जास्त सरकते, ही त्याची खूण.

गूगल व्हिजन ही गूगलची तशीच सेवा वापरत असाल तर आणखी एक खोडी आहे. कोपऱ्याचा एक्स किंवा वाय शून्य असेल तर जेसनमध्ये (उत्तर ज्या मजकुराच्या साच्यात येतं त्यात) तो येतच नाही. वस्तू चित्राच्या डाव्या काठाला चिकटलेली असली की एक्स गायब, तुमच्या कोडमध्ये त्याची जागा घेते 'अनडिफाइन्ड', आणि चौकट नाहीशी होते. नसलेल्या किमतीला शून्य धरा. याच सेवेत मजकुराच्या चौकटीचे चार कोपरे मजकूर वाचण्याच्या दिशेने क्रम लावून येतात. मजकूर उलटा असेल तर पहिला कोपरा चित्रात खाली उजवीकडे असतो. पहिला कोपरा म्हणजे वरचा डावा असं गृहीत धरू नका. चारही कोपऱ्यांतला लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा घ्या. आणि एका विनंतीत अनेक चित्रं पाठवली तर पूर्ण विनंतीला २००, म्हणजे 'सगळं ठीक' हा कोड, मिळूनही एखाद्या चित्राच्या उत्तरात आतमध्ये एरर असू शकते. ती न वाचणारा कोड "यात काहीच सापडलं नाही" असं छापतो.

मोठे फोटोच तेवढे पडत असतील तर मर्यादा तपासा. ॲमेझॉन रेकग्निशनला थेट बाइट्स दिले तर ५ एमबी, एसथ्री या ॲमेझॉनच्याच फाइल-कोठारातून दिले तर १५ एमबी. गूगल व्हिजनला जेसन विनंती १० एमबीपर्यंत चालते, आणि बेस६४ केलं (बाइट्स साध्या अक्षरांत लिहिले) की फाइल एक-तृतीयांशाने फुगते, म्हणजे साडेसात एमबीची फाइलच काठावर पोचते. तसंच, नाव जेपीजी पण आतून एचइआयसी (आयफोनचा स्वतःचा फोटोप्रकार) अशा फाइल आयफोनकडून येतात. रेकग्निशन जेपेग आणि पीएनजी सोडून काही घेत नाही. नावावर विश्वास ठेवू नका, पहिले बाइट्स बघा: जेपेगचे पहिले दोन २५५ आणि २१६ असतात, तर एचइआयसीमध्ये पाचव्या बाइटपासून 'एफटीवायपी' ही चार अक्षरं.

माणसांची कातडी निळी दिसत असेल तर कोणीतरी ओपनसीव्हीने वाचलेलं चित्र रंगांचा क्रम न बदलता पिलोच्या हाती दिलंय. ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल असा क्रम ठेवतं, पिलो लाल-हिरवा-निळा.

चौथ्यांदा येऊ नये म्हणून

तिसऱ्या खेपेनंतर आम्ही त्याच मगाचे आठ फोटो कोडच्या रेपॉझिटरीत टाकले, ओरिएंटेशन १ ते ८, प्रत्येकी एक. टेस्ट क्लाउडला कॉल करत नाही. पाइपलाइनच्या शेवटी निघणाऱ्या बाइट्समध्ये टॅग उरलेला नाही ना, आठही फोटोंची मापं सारखी आहेत ना आणि कानाच्या जागेवरचे पिक्सेल मगाच्या रंगाचे आहेत ना, एवढंच ती बघते. काही सेकंदांचं काम.

गेल्या महिन्यात ती टेस्ट लाल झाली. नव्या मुलाने थंबनेलची लायब्ररी बदलली होती. त्याने चॅटवर विचारलं, "पाचवा फोटो का पडतोय? आणि हा मग कोणाचा आहे?"